माल आमचा, पाटी कुणाची?

आमच्या गावाचं नाव कुळगाव. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण आमच्या स्टेशनावरची पाटी आहे बदलापूरची. तिकीट बदलापूरचं काढायचं, उतरायचं कुळगावात. बदलापूर गाव रुळांच्या पश्चिमेला, आम्ही पूर्वेला. दोघांचाही मान राहावा म्हणून नगरपरिषदेनं कुळगाव-बदलापूर असं जोडनाव घेतलं आहे. लग्नानंतर माहेरचंही आडनाव लावणाऱ्या बायकांसारखं. पण दादरच्या पाहुण्याला 'कुळगावला या' म्हटलं, की तो विचारतो, "हे कोकणात आलं की देशावर?" जुनी माणसं सांगतात, शिवाजी महाराजांच्या सैन्याचे घोडे इथे बदलत, म्हणून बदलापूर. घोडे बदलत होते की नाही ते इतिहास संशोधकांनी बघावं. आमचं नाव बदललं, एवढं आम्ही स्वानुभवानं सांगू शकतो.

तेव्हा ज्याच्या गावाचा माल एक आणि पाटी दुसरी, त्यानं हातानं केलेल्या वस्तूंच्या परदेशगमनावर चार शब्द बोलायला हरकत नसावी. त्यातून आमचा शेजारही या विषयातला जाणकार. आमच्याकडून मुंबईच्या दिशेनं निघालं की आधी अंबरनाथ आणि मग उल्हासनगर. फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसं तिथल्या लष्कराच्या रिकाम्या बराकींत उतरली. तेव्हा त्या जागेला कल्याण कॅम्प म्हणत. ८ ऑगस्ट १९४९ रोजी तिचं उल्हासनगर झालं. ही माणसं सीमा ओलांडून रिकाम्या हातांनी आली होती, पण हात फार दिवस रिकामे ठेवायची त्यांना सवय नव्हती. पापड लाटले, मिठाई केली, कपडे शिवले, फर्निचर ठोकलं, पुढे जीनच्या पाटलोणी शिवल्या. आणि त्यातूनच ती आख्यायिका जन्माला आली, जी सेंट्रल रेल्वेच्या प्रत्येक प्रवाशानं एकदा तरी ऐकलेली असते. वस्तूवर छापायचं 'मेड इन यू. एस. ए.', आणि कुणी हटकलंच तर शांतपणे सांगायचं, "यू. एस. ए. म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन!"

लोक हा किस्सा हसण्यासाठी सांगतात. मला त्यात अर्थशास्त्राचं अख्खं पुस्तक दिसतं. ज्या काळात 'फॉरेनचं आहे' म्हटलं की बिस्किटांचा रिकामा डबासुद्धा शोकेसमध्ये बसायचा, त्या काळात त्या कारागिरानं गिऱ्हाइकाची नाडी बरोबर ओळखली होती. गिऱ्हाईक वस्तू हातात घेतं आणि पैसे पाटीचे देतं. आपल्या हातच्या वस्तूवर आपलं नाव घातलं तर आठ आणे, परक्याचं घातलं तर आठ रुपये. मग पोटासाठी माणूस कुणाचं नाव घालेल? पाटी खोटी असेलही. ती खोटी करायला लावणारे मात्र आपण खरे होतो.

माझं म्हणणं अगदी साधं आहे. हातानं केलेली वस्तू सीमा ओलांडून पलीकडे जाते आणि ती करणाऱ्याचं नाव अलीकडे राहतं. हे काही पावसासारखं वरून पडत नाही. नाव पुसायला इकडचं सरकार, तिकडचं सरकार, व्यापारी, पार्सलवाला आणि तुम्हीआम्ही असे सगळे मिळून खोडरबर फिरवतो. आणि मग नाव पुसलं गेलं की सगळ्यांत मोठ्यानं आपणच ओरडतो.

ओरडण्याचा ताजा हंगाम आठवा. जून २०२५ मध्ये इटलीतल्या मिलान शहरात 'प्राडा' नावाच्या बड्या घराण्यानं पुरुषांच्या कपड्यांचा तमाशा भरवला. तमाशा म्हणजे फॅशन शो. त्यात लांबसडक पोरं चालत आली आणि त्यांच्या पायांत चक्क आपल्या कोल्हापुरी! कागदोपत्री मात्र नुसतं 'चामड्याचे सँडल'. कोल्हापूरचं नाव नाही, महाराष्ट्राचं नाही, भारताचंही नाही. झालं! दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीत आमच्या डब्यात स्वातंत्र्ययुद्ध पेटलं. देवळाबाहेरून चप्पल चोरीला जाणं आपल्याला काही नवं नाही. तो आपल्या भक्तिमार्गाचाच एक भाग आहे. पण चोर थेट मिलानहून यावा, याचा लोकांना फार राग आला. एक गृहस्थ तर इतके तापले, की त्यांनी अंबरनाथ येईपर्यंत इटलीशी राजनैतिक संबंध तोडून टाकले. मी हळूच त्यांच्या पायांकडे बघितलं. पायांत रबरी तळाचे, रेक्झिनचे, स्टेशनच्या पुलावर मिळतात ते 'कोल्हापुरी' होते. ज्यानं मूळ वस्तूची नक्कल पायांत घातली आहे, तो माणूस नकलेविरुद्ध केवढा पोटतिडकीनं बोलू शकतो, हे बघून मला आपल्या राष्ट्राच्या भवितव्याची खात्री वाटली.

आता कायद्याचं बघू. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली जी. आय. म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. अर्थ असा, की ते नाव त्या मुलखाचं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे आपले चार जिल्हे आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे कर्नाटकातले चार. सीमाप्रश्नात ज्या दोन राज्यांचं एका वाक्यावर एकमत होत नाही, त्यांचं एका चपलेवर झालं! हे जोडपं म्हणजे खरोखरच जोड आहे. एक पाय इकडे, एक तिकडे. आमच्या बदलापूरच्या जांभळालाही असं मानांकन आहे, त्यामुळे हे प्रकरण काय असतं ते आम्ही जिभेनं जाणतो. पण हे मानांकन भारताच्या कायद्यानं दिलेलं. भारताची हद्द संपली की त्याचा दरारा संपला. गल्लीतला दादा जसा नाक्यापलीकडे गरीब बिचारा होतो, तसं.

याच प्रकरणात काही वकील मंडळी जनहित याचिका घेऊन मुंबई उच्च न्यायालयात गेली. जुलै २०२५ मध्ये ती फेटाळली गेली. न्यायालयाचं म्हणणं होतं, की ज्यांच्या नावावर ही नोंदणी आहे त्यांनी यावं, तुमचा अधिकार काय? बरोबरच आहे. आणि ज्यांच्या नावावर नोंदणी आहे ती दोन सरकारी महामंडळं आहेत. एक महाराष्ट्राचं, संत रोहिदासांच्या नावाचं, आणि दुसरं कर्नाटकाचं, बाबू जगजीवनरामांच्या नावाचं. चप्पल करणारा आपला नोंदणीकृत वापरकर्ता म्हणून त्यात नाव घालू शकतो, पण त्यासाठी त्याला आधी कळायला हवं की असं काही असतं. आरी धरणाऱ्या हातात अर्जाचा कागद कोण देणार?

आणि जगाचा न्याय तर त्याहून रसाळ आहे. १९९५ पासून जागतिक व्यापार संघटनेचा बौद्धिक संपदेचा करार अमलात आहे. त्यात भौगोलिक नावांना साधं संरक्षण आहे कलम २२ मध्ये आणि कडक, जास्तीचं संरक्षण आहे कलम २३ मध्ये. हे जास्तीचं संरक्षण कुणाला? दारूला! वाइन आणि स्पिरिट यांना. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा चष्मा पुसून पुन्हा वाचलं. नाशिकच्या द्राक्षांची फसफसणारी वाइन तुम्ही फ्रान्समध्ये 'शॅम्पेन' म्हणून विकून बघा. तुमची बाटलीसकट धिंड निघेल. 'शॅम्पेनसारखी', 'शॅम्पेन पद्धतीची' असंसुद्धा म्हणायची सोय नाही. पण कोल्हापुरी? तिला साधं कलम पुरे. म्हणजे पिऊन पडणाऱ्याच्या बाटलीला पहारेकरी आणि चालणाऱ्याच्या पायातलं उघड्यावर! ज्यांनी करार लिहिला त्यांच्याकडे द्राक्षं होती, आपल्याकडे बाभळीची साल आणि हिरडा. कलम कुणाच्या बाजूनं वाकतं, ते लिहिणाऱ्याच्या हातावर असतं.

इथवर वाचून वाचकांना वाटेल, की गुन्हेगार परदेशी आहेत आणि आपण सुटलो. थांबा. आता स्टेशनरोडवर या.

आमचा भाचा न्यू जर्सीत असतो. तिकडे गेल्यापासून त्याला मराठी संस्कृतीची फार ओढ लागली आहे. इथे असताना नाटकाला चल म्हटलं तर डोकं दुखायचं. त्यानं फोन केला, "मामा, मंडळाच्या कार्यक्रमाला नेसूचं धोतर आहे, पण पायांत बूट घालून कसं चालेल? कोल्हापुरी पाठव." मी कोल्हापूरला गेलो होतो तेव्हा एका म्हाताऱ्या कारागिराकडून जोड करून आणला होता. त्यांनी माझ्यासमोर चामडं भिजवलं, ठोकलं, पट्ट्याची वेणी घातली, तेल पाजलं. सांगितलेले पैसे मी दिले आणि वर, "बाबा, तुमचं नाव काय?" असंही विचारलं. म्हातारबुवा क्षणभर आरी धरून नुसते बसले. म्हणाले, "आजवर नंबर विचारत्यात लोक. पायाचा."

तो जोड घेऊन मी पार्सलवाल्याकडे गेलो. काउंटरवरचा मुलगा हुशार होता. त्यानं न बघताच विचारलं, "काय आहे आत?"

"कोल्हापुरी."

"तसं चालत नाही काका. 'लेदर फुटवेअर, वन पेअर' लिहा."

"अरे, पण लेदर फुटवेअर म्हणजे पोलिसांचे बूटही होतात. ही कोल्हापुरी आहे."

"काका, तिकडच्या साहेबाला कोल्हापुरी काय कळणार?"

मी फॉर्म बघितला. पाठवणाऱ्याचं नाव, पत्ता, आधार. घेणाऱ्याचं नाव, पत्ता, फोन. वजन, किंमत, देश. माझं नाव दोनदा, भाच्याचं दोनदा. आम्ही दोघांनी मिळून त्या चपलेसाठी काय केलं होतं? मी पैसे दिले होते आणि तो धोतर नेसणार होता. ज्यानं ती केली त्याच्यासाठी फॉर्मवर एक रकाना नव्हता. मी समासात बारीक अक्षरात म्हातारबुवांचं नाव लिहिलं. मुलानं ते पांढऱ्या शाईनं पुसलं. "समासात लिहिलं की मशीन घेत नाही काका." त्याची काही चूक नव्हती. मशीनला समास नसतो.

"आता कोड," तो म्हणाला, आणि त्यानं एक आकडा दाबला. ६४०३.२०. घरी येऊन मी तो आकडा शोधून काढला आणि, खरं सांगतो, खुर्चीत ताठ बसलो. १ जानेवारी १९८८ पासून जगातल्या जकात खात्यांची एक सामाईक वर्गवारी लागू आहे. त्यात प्रत्येक वस्तूला आकडा आहे. त्यात ६४०३.२० म्हणजे काय? चामड्याच्या तळाची, वर पायावरून आणि पायाच्या अंगठ्याभोवती चामड्याचे पट्टे असलेली पादत्राणं! अहो, हे वर्णन म्हणजे आपल्या चपलेचं पासपोर्टवरचं छायाचित्रच की! म्हणजे हॅम्बुर्गपासून होनोलुलूपर्यंतच्या जकात साहेबाला अंगठा ठाऊक आहे, पट्टा ठाऊक आहे, तळ कशाचा ते ठाऊक आहे. नाव तेवढं नको आहे. पोलीस ठाण्यात बेवारशी माणसाचं करतात तसं वर्णन. उंची मध्यम, रंग गव्हाळ, अंगठ्याला पट्टा, नाव माहीत नाही.

पेणचे गणपती तर याहून मोठ्या दिव्यातून जातात. आमच्याकडून कर्जतच्या अंगानं उतरलं की पेण काही फार लांब नाही. तिथल्या मूर्ती समुद्रमार्गे परदेशी जायच्या म्हणजे चतुर्थीच्या कितीतरी महिने आधी त्यांना घर सोडावं लागतं. विघ्नहर्त्याला सगळ्यांत मोठं विघ्न म्हणजे बोटीचं वेळापत्रक. प्लास्टरची मूर्ती असेल तर जकातीच्या वहीत तिची जागा ६८०९ या आकड्यापाशी, म्हणजे प्लास्टरच्या वस्तूंत. मूळ देश भारत; कैलास लिहायची सोय नाही. गणपती मोठ्या मनाचा, तो काही बोलत नाही. पण डोळ्यांची आखणी करणारा पेणचा जो माणूस, ज्याच्या एका रेघेनं मातीत देव येतो, त्याचं नाव कुठल्या रकान्यात आहे? आपण आरतीत देवाची सगळी नावं घेतो. मूर्तिकाराचं नाव आपल्या मंडळाच्या पावतीवर असलं तर तेही रकमेच्या खाली.

आता २०२५ च्या ऑगस्टमध्ये काय झालं ते ऐका. अमेरिकेनं भारतीय मालावरची जकात ५० टक्क्यांवर नेली. त्यातले २५ टक्के कशाबद्दल? आपण रशियाकडून तेल घेतो त्याबद्दलची शिक्षा. कोल्हापुरी करणाऱ्यानं जन्मात एकच तेल वापरलं, ते चामड्याला पाजायचं. तरी रशियाच्या तेलाचा दंड त्याच्या चपलेला! ही जकात लागू झाली तो दिवस २७ ऑगस्ट, म्हणजे नेमकी गणेश चतुर्थी. आम्ही इकडे 'सुखकर्ता दुःखहर्ता' म्हणत होतो आणि तिकडे दुःखकर्त्यानं मुहूर्त साधला. पाठोपाठ २९ ऑगस्टला ८०० डॉलरपर्यंतच्या छोट्या पार्सलांना असलेली जकातमाफीही गेली. पैसे कुणी भरायचे, कसे वसूल करायचे, याचा पत्ता कुणालाच नसल्यामुळे आपल्या टपाल खात्यानं २५ ऑगस्टपासूनच अमेरिकेकडची बहुतेक पार्सलं घेणं थांबवलं होतं. ती १५ ऑक्टोबरला पुन्हा सुरू झाली, म्हणजे चकल्या तळून तयार आणि दिवाळी दाराशी आलेली. त्या टक्क्यांचं पुढे काय काय झालं, तो पाढा वेगळा. मला त्यातून दिसलं ते एवढंच. आकडे बदलले की मोठ्या कारखानदाराकडे वकील असतो, दलाल असतो, दुसऱ्या देशातली वखार असते. आठवड्याला मोजके जोड करणाऱ्या माणसाकडे फक्त पुढचा आठवडा असतो, आणि तोही उधारीवर.

सरकारनं काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. २०२२ पासून टपाल खात्यानं डाकघर निर्यात केंद्रं उघडली, देशभर हजाराच्या वर. कल्पना सोन्यासारखी आहे. कारागिरानं आपल्या तालुक्याच्या पोस्टात जावं आणि तिथूनच माल परदेशी रवाना करावा. पण त्यासाठी त्याच्याकडे आयात-निर्यात क्रमांक पाहिजे, बँकेचं खातं त्याला जोडलेलं पाहिजे, टपालाचं निर्यात-बिल संगणकावर भरता आलं पाहिजे, आणि वर तो ६४०३.२० ठाऊक पाहिजे. दार उघडं आहे, पण उंबरा कमरेएवढा. ज्याचं शिक्षण चामड्यावर झालं त्याला कागदावरून उडी मारायला सांगायचं, आणि पडला की म्हणायचं, "यांना निर्यात जमत नाही."

मग जमतं कुणाला? मधल्या माणसाला. तो कारागिराकडून माल घेतो, आपल्या नावाचं लेबल लावतो आणि पाठवतो. पुढचा त्यावर त्याचं लेबल लावतो. अशी चार लेबलं चढली की चपलेचं वजन वाढतं आणि करणाऱ्याचं पुरतं नाहीसं होतं.

आणि आता आपण. हो, तुम्हीआम्ही. डिसेंबर २०२५ मध्ये त्याच प्राडाचा या दोन्ही महामंडळांशी करार झाला. सुमारे दोन हजार जोड महाराष्ट्र-कर्नाटकातल्या कारागिरांकडून इथेच करून घ्यायचे आणि परदेशी दुकानांत विकायचे, एका जोडाची किंमत सुमारे ८०० युरो, असं तेव्हा जाहीर झालं. रुपयांत ऐंशी हजारांच्या वर. आमच्या डब्यात पुन्हा खळबळ. "एवढी किंमत? चपलेला?" परवापर्यंत इटलीशी लढणारे गृहस्थ आता आपल्याच चपलेच्या विरोधात गेले. मला आठवलं, यांच्याच मंडळींनी प्रदर्शनात कारागिराशी कशी हुज्जत घातली होती. त्यानं आठशे सांगितले. यांनी तीनशेपासून सुरुवात केली. "एवढं काय आहे त्यात? चामडं आणि दोरा!" साडेचारशेला सौदा झाला आणि घरी येताना कसं गंडवलं म्हणून आनंदानं रिक्षाला ऐंशी रुपये दिले, न घासता.

बघा, आकडा तोच आहे. आठशे. आपल्याकडे रुपये असले की लूट, तिकडे युरो असले की कला. फॅशनवाल्यानं आपली चप्पल उचलली, हा गुन्हा खराच. पण ती आपण खाली टाकलेली होती म्हणून उचलली.

याहून एक कडू गोष्ट आहे आणि विनोदी लेखात ती घालू नये असा संकेत आहे. संकेत मोडतो. मेलेल्या जनावराचं कातडं कमावणाऱ्या आणि त्याची चप्पल शिवणाऱ्या माणसाला या देशात शतकानुशतकं उंबऱ्याबाहेर उभं केलं. चप्पल काढून आत यायचं ही आपली रीत. चप्पल करणाऱ्यानं आत यायचंच नाही, हीही आपलीच. त्याचं नाव पुसायला परदेशातून कुणी यायची गरजच नव्हती. ते आपण आधीच पुसून, वाळवून, घडी घालून ठेवलं होतं. आता त्या चपलेच्या अभिमानाचे झेंडे खांद्यावर घेऊन निघताना निदान एवढी तरी लाज बाळगावी, की झेंड्यावर चपलेचं चित्र आहे आणि ती शिवणारा अजून मिरवणुकीच्या बाहेरच उभा आहे.

यावर शहाणी माणसं म्हणतात, "अहो, नावाचं काय घेऊन बसलात? पैसे मिळाले म्हणजे झालं." ही माणसं स्वतःच्या दाराला पितळी पाटी लावतात, लग्नपत्रिकेत आडनावाचा ऱ्हस्वदीर्घ चुकला तर छापखाना डोक्यावर घेतात आणि सोसायटीच्या बाकावर 'यांच्या स्मरणार्थ' म्हणून वडिलांचं नाव कोरून घेतात. नावाचं काही नसतं ते फक्त दुसऱ्याच्या. आणि पैशाचं म्हणाल तर नाव हाच पैसा आहे. हे मिलानला कळतं, म्हणून ते आपलं नाव चामड्यावर ठसठशीत उमटवतात. उल्हासनगरला कळलं होतं, म्हणून त्यांनी तीन अक्षरं उसनी घेतली. ज्याचं नाव पोचतं त्याच्याकडे दुसरी मागणी येते. ज्याचं पोचत नाही त्याच्याकडे येतो तो फक्त दलाल.

दुसरे म्हणतात, "एवढ्या भानगडी करून माल महाग होईल." होऊ दे की! हाताचं काम स्वस्त असतं तेव्हा कुणीतरी त्याचा उरलेला दाम आपल्या पोटातून भरत असतो. बहुतेक वेळा ती त्याची पोरं असतात. ती मोठी झाली की आरी सोडतात आणि मॉलमध्ये सुरक्षारक्षक होतात, बूट घालून. त्यांना कोण दोष देईल?

तेव्हा माझ्या मागण्या. मोर्चा काढण्याइतके गुडघे राहिले नाहीत, म्हणून लिहून देतो.

एक. निर्यातीच्या फॉर्मवर, बिलावर, टपालाच्या चिठ्ठीवर एक रकाना वाढवा. 'कोणी केलं.' फार जागा लागणार नाही. वजनाचा रकाना थोडा हलका करा.

दोन. युरोपनं १ डिसेंबर २०२५ पासून हस्तकलेच्या वस्तूंनाही भौगोलिक नावाची नोंदणी खुली केली आहे, आणि बाहेरच्या देशांतल्यांनाही तिथे अर्ज करता येतो. आजवर हा मान खाण्यापिण्याला होता, आता काचेला, चिनीमातीला, चामड्यालाही आहे. दोन्ही राज्यांनी बेळगावचं भांडण दहा मिनिटं बाजूला ठेवून, आपल्या जोडचपलेसारखं एकत्र तिथे जावं. मिलानच्या दुकानात मिलानचा कायदाच कामाला येतो. आमच्या डब्यातला संताप तिथवर पोचत नाही. तो कल्याणला गाडी रिकामी होते तेव्हाच उतरतो.

तीन. प्रत्येक डाकघर निर्यात केंद्रात एक असा माणूस बसवा, जो कारागिराला फॉर्म भरून देईल आणि भरून देताना ओरडणार नाही. दुसरी अट जास्त अवघड आहे, याची मला कल्पना आहे.

आणि चौथी मागणी तुमच्याकडे. पुढच्या खेपेला हातानं केलेलं काही घ्याल, मग ती चप्पल असो, मूर्ती असो की कोपऱ्यावरच्या काकूंच्या कडबोळ्या असोत, तेव्हा किंमत घासण्याआधी नाव विचारा. बघा, नाव विचारल्यावर घासाघीस करायला जीभ उचलत नाही. आणि ती वस्तू परदेशी पाठवाल तेव्हा आत एक चिठ्ठी घाला. 'हे अमक्यानं, अमक्या गावात केलं.' फॉर्मवर ती पुसता येते, चपलेच्या आत सारलेली पुसता येत नाही.

भाच्याच्या पार्सलात मी तशी चिठ्ठी घातली होती. त्याचा फोन आला, "मामा, इथे तिघांना तस्साच जोड पाहिजे. कुणाकडे मागायचा?"

मी त्याला सांगितलं, "चिठ्ठीत नाव आहे. त्यांच्याकडेच माग. आणि जी किंमत सांगतील, ती द्या."